तार जुळेना

घरात तार नाही असे कधी होत नाही. हवी ती तार नसते, एवढेच. कपाटाचा सर्वांत खालचा खण उघडून पाहा. काळ्या, पांढऱ्या, करड्या तारांचे एक भेंडोळे तिथे वर्षानुवर्षे नांदत असते. त्यातल्या प्रत्येक तारेचे यंत्र केव्हाच भंगारवाल्याच्या गाडीवरून गेलेले असते, पण तार मागे उरते. वाड्याचा धनी गेल्यावरही आश्रित मंडळी सोप्यावर बसून राहावीत, तसा हा प्रकार. दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत त्यांचा निकाल लावायचे ठरते आणि दरवर्षी त्या पुन्हा त्याच खणात जातात. "असू दे, कधीतरी लागेल," हे वाक्य ज्या घरात उच्चारले जात नाही, ते घर मध्यमवर्गीय म्हणवून घेण्यास पात्र नव्हे.

गेल्या वर्षी आमच्या हातकणंगल्याच्या घरात ती वेळ खरोखरच आली. तार लागली. मात्र कोणती, हे कळायला दीड महिना गेला.

हकीकत अशी. २००४ साली मी एम. ए.च्या वर्गात होतो. लोकसाहित्याच्या अभ्यासासाठी जात्यावरच्या ओव्या गोळा करायच्या होत्या. माझ्या आतेभावाने तेव्हा नवाच एक हातात मावणारा कॅमेरा घेतला होता. काडेपेटीहून थोडी मोठी अशी त्याची टेप. तिला मिनी-डीव्ही म्हणत. टेपेची रुंदी अवघी ६.३५ मिलिमीटर, पण तिच्यात ६० मिनिटांचे चित्र आणि आवाज मावे. तो कॅमेरा उसना घेऊन मी हातकणंगले, आळते, कुंभोज या बाजूच्या म्हाताऱ्या बायकांकडे हिंडलो. गिरणीचे पीठ घरोघर येऊन जमाना लोटला होता. जाते उरले होते ते लग्नातल्या हळदीपुरते. तरी माझ्या हौसेखातर कुणी ते धुऊन पुसून मांडले, कुणी मूठभर जोंधळे घातले, आणि खुंट्याला हात लागताच गळे आपोआप मोकळे झाले. सुरुवात अर्थातच घरातून, म्हणजे माझ्या आजीपासून केली. मी वही काढलेली पाहून ती म्हणाली, "लिव्ह बाबा, शब्द लिव्ह. पर चाल कागदावर मावती व्हय?"

तिच्या त्या एका वाक्यामुळे मी कॅमेरा बंद केला नाही. अशा अकरा टेपा झाल्या.

वहीतल्या ओव्या छापल्यासारख्या जशाच्या तशा आहेत. पण आजी २००९ साली गेली. टेपांतल्या बाकीच्या बायकांपैकीही आज कुणी हयात नाही. आतेभावाचा कॅमेरा नव्या यंत्रांपुढे मागे पडला आणि टेपांसह आमच्याकडे आला. माझी आई आता बहात्तर वर्षांची आहे. तिच्यापुढे ती वही धरली की ती चष्मा लावून वाचते, मान हलवते आणि म्हणते, "शब्द आठवतात रे, पण आत्याबाईंची चाल काही गळ्यात येत नाही." आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणण्याची रीत आहे. घरातली एक चाल अशी आमच्या डोळ्यांदेखत पुसली जात होती, आणि ती जिथे शाबूत होती त्या टेपा पत्र्याच्या डब्यात मुक्या पडल्या होत्या.

जात्यावरच्या ओवीचे मोल कुणी मला सांगायला नको. पुण्याला हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ या दोघांनी अनेक वर्षे खपून आपल्या सहकाऱ्यांसह खेडोपाडी एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल यांनी त्यांतल्या कितीतरी ओव्यांचे ध्वनिमुद्रण केले. २०१७ सालापासून ते धन 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'ने सर्वांसाठी खुले केले आहे. त्या डोंगरापुढे माझ्या अकरा टेपा म्हणजे एक खडा. पण आमच्या घरचा आवाज त्या डोंगरात नव्हता. तो या खड्यातच होता.

हे काम अंगावर घेतले माझ्या भाच्याने. तो इचलकरंजीला अभियांत्रिकीची पदविका घेत आहे आणि त्याच्या लॅपटॉपवर लिनक्स असते. लिनक्सविषयी वाचकांपैकी काहींना कुतूहल असेल. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली त्याचा गाभा लिहिला आणि जगासाठी मोकळा सोडला. तेव्हापासून हजारो लोकांनी त्यात भर घातली. गावच्या सार्वजनिक विहिरीसारखा तो कारभार आहे: पाणी कुणीही भरावे, आणि गाळ ज्याला दिसेल त्याने काढावा. त्याच्या पडद्यावरची पाटीही हवी तर मराठीत मिळते, हे पाहून माझा व्यवसायाभिमान सुखावला.

खणातल्या भेंडोळ्यातून यूएसबीची एक तार निघाली आणि ती कॅमेऱ्याला व्यवस्थित बसली. यूएसबीवर कोण कोण पाहुणे आले आहेत, हे विचारण्यासाठी लिनक्सात 'एलएसयूएसबी' अशी आज्ञा आहे. ती देताच यादीत कॅमेऱ्याचे नाव उमटले. आम्ही सगळे पडद्याभोवती जमलो. कॅमेरा उघडला, तर आत दोन स्थिर छायाचित्रे. एकात शेजाऱ्यांची म्हैस आणि दुसऱ्यात आतेभावाचा अंगठा. टेपेचा मागमूस नाही.

"मामा, ह्ये कॅमेऱ्यातल्या कार्डाचे फोटो हायत," भाचा म्हणाला. "टेपंचं काय दिसत न्हाई."

मग त्याने मला दुसरी एक आज्ञा दाखवली: 'डीमेसेज'. ती दिली की संगणकाच्या गाभ्याची रोजनिशी समोर येते. आमच्या स्टेशनात मिरजेहून गाडी किती वाजता आली आणि कोल्हापूरकडे केव्हा सुटली, याची जशी नोंद व्हावी, तशी प्रत्येक तार केव्हा लागली, केव्हा सुटली, कुणाला कोणता क्रमांक मिळाला, हे तिथे सेकंदासह लिहिलेले असते. यंत्र बिघडले की आपण ते हलवतो, आपटतो, बंद करून पुन्हा चालू करतो. त्याऐवजी ही रोजनिशी वाचावी, हा पहिला धडा. यंत्र बहुधा आपले दुखणे सांगत असते, विचारणारा हवा.

त्यानेच कॅमेऱ्याची कळ 'कार्ड'वरून 'टेप'वर फिरवली आणि यादीतून यूएसबी प्रवाहाचा पर्याय निवडला. रोजनिशीत नवी ओळ आली: पाहुणा आला आहे, पण त्याची भाषा जाणणारा दुभाष्या नाही. त्याचेही कारण आहे. यूएसबीवरून चित्र कसे पाठवावे, याचा एक सर्वमान्य रिवाज आहे. त्याला यूव्हीसी म्हणतात. तो पाळणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी लोरां पँशार यांनी लिहिलेला दुभाष्या २००८ साली लिनक्सच्या गाभ्यात दाखल झाला. आमच्या कॅमेऱ्याची घडण त्या रिवाजाच्या आधीची; तो आपल्या कंपनीची घरगुती बोली बोलत होता. काही मोजक्या कॅमेऱ्यांनी यूएसबीवरून टेपेचे पुरे चित्र देण्याची सोय केली होती. बहुतेकांनी मात्र ती वाट स्थिर छायाचित्रांसाठी आणि संगणकावरून गप्पा मारताना दिसणाऱ्या चिमुकल्या चित्रासाठी ठेवली.

असे का, हे आकड्यांत पाहिले की चटकन उमगते. डीव्ही टेपेतले चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचे, सेकंदाला २५ चित्रे. ते वाहून न्यायला सेकंदाला २५ मेगाबिटांचा ओघ लागतो, आणि आवाज धरून तासाभराचा ऐवज होतो सुमारे १३ गिगाबाइट. जुन्या यूएसबीची धाव होती सेकंदाला १२ मेगाबिट. बैलगाडीच्या वाटेने आगगाडी नेण्यासारखेच ते. २००० साली आलेल्या यूएसबीच्या दुसऱ्या आवृत्तीची धाव ४८० मेगाबिट झाली. पण तोवर कॅमेरेवाल्यांनी आपला माल दुसऱ्याच वाटेने न्यायचे ठरवून टाकले होते.

मधल्या काळात सल्ला देणारे पुष्कळ भेटले. कोल्हापूरच्या एका दुकानदाराने टेप हातात घेऊन, पूर्वजांची अस्थी पाहावी तशी ती पाहिली आणि परत दिली. शेजाऱ्यांनी पिवळ्या, पांढऱ्या आणि लाल तोंडांची एक डबी आणून दिली. कॅमेऱ्यातून टीव्हीकडे जाणाऱ्या तारा तिला जोडायच्या आणि तिची शेपटी यूएसबीत घालायची. ही युक्ती वाईट नाही. ज्यांच्या घरी लग्नाच्या जुन्या व्हीएचएस टेपा आहेत, त्यांना तीच सोपी वाट आहे. मात्र बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या या डब्यांच्या पोटात निरनिराळ्या चिपा असतात. एखादी लिनक्सवर लावताच चालते, एखादी मुकी बसते. म्हणून वेष्टनावरच्या नावापेक्षा 'एलएसयूएसबी'ने दाखवलेल्या क्रमांकावर भरवसा ठेवावा. ती डबी आमच्याकडे चालली. आजी दिसलीही, पण धुरकट, जणू चुलीच्या धुरापलीकडे बसलेली. कारण उघड आहे. टेपेत चित्र अंकांच्या रूपात आहे. त्याचे आधी लहरींत रूपांतर करायचे आणि त्या लहरींचे पुन्हा अंक करायचे. म्हणजे मराठी कवितेचे इंग्रजीत भाषांतर करावे आणि त्यावरून पुन्हा मराठी करावे, तसे हे. अर्थ उरतो, चाल जाते. आणि आम्हांला तर चालच हवी होती.

कॅमेऱ्याच्या कुशीला रबराचे एक झाकण होते. त्याखाली चार टाचण्यांचे इवलेसे भोक. तीच ती राजवाट: फायरवायर. १९९५ साली तिचे मानक ठरले, १३९४ या क्रमांकाचे. आणि सेकंदाला ४०० मेगाबिटांपर्यंत तिची धाव. हिच्यावरून टेपेतले अंक जसेच्या तसे उचलता येतात, काना-मात्रेचा फरक न होता. अडचण एवढीच की आजच्या लॅपटॉपला ते दारच नसते.

अशा वेळी माणसाला लग्नाचे व्हिडिओ काढणारे आठवावेत. वीस वर्षांपूर्वी तालुक्यातली सगळी लग्ने याच टेपांवरून गेली. इचलकरंजीच्या अशाच एका गृहस्थांच्या माळ्यावर जुना मोठा संगणक होता आणि त्याच्या पोटात फायरवायरचे कार्ड. "घेऊन जावा की सर," ते म्हणाले, "नुसती जागा अडवून बसलंय. ह्याच्यावर किती जोडप्यांची वरात काढलीया, मोजदाद न्हाई." त्यांनी तारही दिली, एका टोकाला चार टाचण्या, दुसऱ्या टोकाला सहा. आणि एक ताकीद दिली, जी मी इथे मुद्दाम नोंदवतो: ही तार दोन्ही यंत्रे बंद असतानाच लावावी. चालू असताना लावली तर कॅमेऱ्याचे ते दार जळू शकते, आणि मग टेप असूनही नसल्यासारखी.

त्या थोरल्या संगणकावर भाच्याने लिनक्स घातले. कार्ड ओळखले गेले. कॅमेरा लावला, रोजनिशीत तोही दिसला. टेपेतले चित्र उचलण्यासाठी 'डीव्हीग्रॅब' नावाचा एक प्रोग्रॅम आहे. आर्ने शिरमाखर यांनी तो सुरू केला आणि डॅन डेनेडी यांनी पुढे चालवला. तो हाकारला, तर उत्तर आले: परवानगी नाही! सरकारी कचेरीत सगळे कागद पुरे झाल्यावर शिपायाने दाराशी अडवावे, तसे झाले. भाचा हसला. लिनक्सात प्रत्येक दाराचा एक गट असतो आणि त्या गटात आपले नाव असल्याशिवाय आत प्रवेश नाही. त्याने 'व्हिडिओ' गटात नाव घातले, बाहेर पडून पुन्हा आत आला, कारण नवी नोंद तेव्हाच लागू होते, आणि आज्ञा पुन्हा दिली.

कॅमेऱ्याला कुणी हात लावला नव्हता. तरी आतली चक्रे आपणहून फिरू लागली. त्या तारेवरून चित्र इकडे येते, तसा हुकूम तिकडे जातो. आणि मग जात्याची घरघर ऐकू आली, एक खोकला ऐकू आला, आणि स्वयंपाकघरातून आई ओले हात तसेच घेऊन बाहेर आली.

पुढचे दिवस त्या टेपांचे होते. टेप तासाची असेल तर तासच लागतो. तिथे घाई चालत नाही. मोबाइलवरच्या फायलींसारखे क्षणात इकडून तिकडे करता येत नाही. जात्याचेही तसेच होते. जोंधळे जितके, तितका वेळ, तितक्या ओव्या. त्यामुळे रोज संध्याकाळी आम्ही ते ऐकत बसलो, आणि ऐकण्यावाचून दुसरा उपाय नव्हता ही यंत्राची मेहेरबानीच म्हणायची.

अडचणी आल्या. दुसऱ्या टेपेत चित्राचे चौकोन-चौकोन होऊन आवाज तुटू लागला. हा दोष टेपेचा की संगणकाचा? याची परीक्षा सोपी आहे. तोच भाग पुन्हा लावावा. दर खेपेस नेमक्या त्याच जागी तुटले तर दोष टेपेत. जागा बदलत राहिली तर तो कॅमेऱ्याच्या डोक्यात साचलेल्या मळात किंवा संगणकाच्या थकलेल्या डिस्कमध्ये. आमच्या बाबतीत जागा बदलत होती. साफसफाईची कोरडी टेप काही सेकंद फिरवली, संगणकावरची बाकीची कामे बंद केली, आणि पुढची प्रत्येक टेप लावण्यापूर्वी एकदा शेवटपर्यंत पळवून परत गुंडाळली, म्हणजे वर्षानुवर्षे एका जागी आवळून बसलेले वेटोळे सैल होते. एका पावसाळी संध्याकाळी कॅमेऱ्याने दव पडल्याची खूण दाखवून चालायचेच नाकारले. ओलसर यंत्रात टेप चिकटू नये म्हणून ती सोय असते. रात्रभर कोरड्या खोलीत ठेवताच सकाळी तो निमूट चालला.

आणखी एक गंमत या टेपांची. प्रत्येक चित्रासोबत ते टिपल्याचा दिवस आणि वेळ टेपेवर लिहिलेली असते. डीव्हीग्रॅबला तसे सांगितले की तो एकेका दृश्याची वेगळी फाइल करून तिला तीच तारीख देतो. पडद्यावर नावे उमटत गेली: २००४, ११, १४. दिवाळीचे दिवस होते ते. माझ्या वहीत ओव्या आहेत, तारखा नाहीत. त्या टेपेने राखल्या होत्या.

या सगळ्या खटाटोपात मला वरचेवर बाबूराव पेंटरांची आठवण होई. कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे. येताजाता आपण त्याकडे पाहत नाही. परदेशी कॅमेरा सहजासहजी मिळेना, तेव्हा आनंदराव आणि बाबूराव या पेंटर बंधूंनी तो स्वतःच घडवायला घेतला. १९१६ साली आनंदराव गेले. पुढे दामले यांच्यासारख्या सहकाऱ्यांना घेऊन बाबूरावांनी तो पुरा केला आणि त्यातून १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आली. यंत्र बिघडले तर कुणाला विचारावे, हा प्रश्नच त्यांना नव्हता. विचारायला माणूसच नव्हता. पण आज 'सैरंध्री' पाहायची म्हटली तर ती कुठेही मिळत नाही. २००३ सालच्या जानेवारीत पुण्याला जुन्या नायट्रेट फिल्मच्या भांडाराला आग लागली आणि आणखी कितीतरी जुनी रिळे गेली. चित्र टिपणे ही अर्धीच गोष्ट. ते दर पिढीला एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत राहावे लागते, लोणच्याच्या बरणीसारखे. नाहीतर बुरशी येते.

ओतायलाही मुदत असते. ॲपलने २०२५ सालच्या आपल्या संगणकप्रणालीतून फायरवायर काढून टाकले. लिनक्समध्ये ताकाशी साकामोतो या जपानी गृहस्थांनी २०२३ साली त्याची देखभाल पत्करली आणि २०२९ सालापर्यंत ती करण्याचा मानस जाहीर केला आहे. कुठल्या दूर देशीचा हा माणूस, त्याला हातकणंगले ठाऊक असण्याचे कारण नाही. पण आमच्या आजीचा आवाज काही अंशी त्याच्यामुळे घरात आला. ज्यांच्या माळ्यावर अशा टेपा असतील, त्यांनी ही मुदत ध्यानात ठेवावी. टेप ज्या कॅमेऱ्यावर भरली तो शक्यतो मोडीत काढू नये, कारण काही टेपा, विशेषतः ९० मिनिटांच्या मंद गतीने भरलेल्या, दुसऱ्या कॅमेऱ्यावर नीट चालत नाहीत. मूळ फायली जशाच्या तशा दोन निराळ्या डिस्कांवर ठेवाव्यात, आणि मोबाइलवर पाहण्यासाठी लहान प्रत वेगळी करावी. आमच्या अकरा टेपांना मिळून १४३ गिगाबाइटांच्या आसपास जागा लागली. आज ती खिशात मावते.

तिसऱ्या टेपेत पुन्हा आजी आहे. भावावरची ओवी गाताना ती मध्येच थांबते, जात्यात मूठ टाकते, पुन्हा सुरू करते. आणि तिथे टेप खराब झालेली आहे. तीन वेळा लावली, तीनदा त्याच जागी तुटली. चौदा सेकंद. तिथे चौकोन आहेत आणि शांतता आहे. वहीत त्या जागचे शब्द आहेत. आवाज मात्र जगात कुठेही उरलेला नाही. भाचा म्हणाला, "मामा, एवढं गेलंच म्हणायचं."

आई मागे बसली होती. तोपर्यंत तिने दोन टेपा ऐकल्या होत्या. पडद्यावर चौकोन आले, आवाज तुटला, आणि ती गातच राहिली. तिला ते कळले की नाही कुणास ठाऊक. डोळे मिटलेले होते आणि उजवा हात मांडीवर गोल फिरत होता. चौदा सेकंदांनी आजी पुन्हा आली, तेव्हा दोघी एकाच शब्दावर होत्या.

दुसऱ्या दिवशी भाच्याने तिला तेवढेच पुन्हा म्हणायला लावले आणि मोबाइलवर घेतले. तिसऱ्या टेपेच्या फायलींशेजारी आता ती एक लहानशी फाइल आहे. तिला तारीख मात्र आजची आहे, ती आम्ही बदललेली नाही.